दुसऱ्या पाळीचं कार्ड

खून कुठे करायचा ते ठरत नव्हतं,
तेव्हा वागळे इस्टेटीतली ती थर्मामीटरची कंपनी मी पुन्हा उभी केली.
तिच्या जागी आता काचेची सोळा मजली इमारत आहे,
खाली कॉफीचं दुकान, गेटवर बोट टेकवायचं यंत्र.
मी पत्रे चढवले, भोंगा वाजवला,
आणि भाईंना टाइम ऑफिसच्या खिडकीत नेऊन बसवलं.

नाव बदललं. टाइमकीपर फणसे.
मिशी दिली, जी त्यांनी जन्मात ठेवली नाही.
चष्मा मात्र तोच आला,
डावी काडी दोऱ्याने बांधलेली.
तीनदा खोडली, तीनदा हात तिथेच वळला.

पारा विष म्हणून वापरला नाही,
पहिल्याच प्रकरणात वाचकाने ओळखलं असतं.
तरी एक थेंब आत शिरलाच:
इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीतून भाईंनी आणलेला,
जो मी बशीत ओतायचे, काडीने फोडायचे,
आणि तुकडे जवळ आले की
काही झालंच नाही अशा थाटात
ते पुन्हा एक व्हायचे.

सुगावा आठवणीत तयारच होता.
मी सात वर्षांची, सकाळची शाळा,
डबा घेऊन खिडकीशी.
भाई भिंतीवरच्या खणातून एक कार्ड काढतात,
घड्याळाच्या फटीत सरकवतात. खट्.
हे त्यांचं.
मग दुसरं. खट्.
नुकतं वाचता येऊ लागलेलं, दिसेल ते मी मोठ्याने वाचायचे:
ह–रे–श्व–र म. तां–डे–ल.
भाईंनी माझ्याकडे बघितलं.
मग नाक्यावर नेऊन बर्फाचा गोळा घेऊन दिला,
मला खोकला असताना.

कादंबरीत तांडेल मेलेला आहे.
कार्डावर रात्रीचे अकरा दहा उमटतात
तेव्हा तो कळव्याच्या पुलाखाली, चिखलात,
भरतीची वाट बघत.
(दुपारची मी रात्र केली. दुपारी खून शोभत नाही.)
इन्स्पेक्टर नूतन घरत दोनशे बारा पानं हिंडते
आणि चष्म्याच्या दोऱ्यापाशी येऊन थांबते.
हेतू: पैसे.
प्रकाशक खूश. म्हणाले,
जागा कशी डोळ्यांसमोर उभी राहते!

आईने दोन दिवसांत वाचली.
पुस्तक टीपॉयवर पालथं ठेवलं
आणि म्हणाली, रात्र कुठून आणलीस?
दुपार होती. तीन वाजायचे होते.
त्याची बायको मेंटलच्या हॉस्पिटलात,
भेटायला सोडायचे ते पाचपर्यंत.
तो साडेपाचला यायचा, मागच्या गेटने.
तोवर कार्ड तुझे भाई मारायचे.

मी म्हटलं, मग पैसे?
कसले पैसे, आई म्हणाली.
नंतर एकदा तो साडेपाचलाही आला नाही.
सहालाही नाही.
त्यानंतर अकरा दिवस भाई कार्ड मारत होते,
आत जाताना, बाहेर पडताना,
पगार होईपर्यंत.
पाकीट मी नेऊन दिलं, चेंदणीला, त्याच्या म्हातारीला.
तिने मोजलं नाही. मला चार बोंबील दिले कागदात.

आणि तांडेल?

आई गॅस बघायला उठली.
गॅसवर काही नव्हतं.

आता दुसरी आवृत्ती निघतेय.
काही दुरुस्त्या? प्रकाशकांचा फोन.
एकच, मी म्हटलं. पान एकशे चाळीस.
रात्रीच्या जागी दुपार करा.

ते जरा वेळ गप्प.
पानं चाळल्याचा आवाज.
मग म्हणाले, अहो, पण दुपारी म्हणजे...
भर पाळी बदलताना?
मग ते सगळ्यांनीच बघितलं असेल की.